पहिली रांग, सात नंबर

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद सगळे आधीच घेऊन टाक, म्हणजे नंतर भांडायला तू मोकळी.

आत्याकडून कळलं. पाचवा महिना! मी दुकानात चष्म्याची काच घासत होते, फोन खांदा आणि कानात दाबलेला, आणि आत्या म्हणाली, "तुझी बहीण आई होणार, तुला माहीत नाही?" मशीनवर हात असा काही सरकला की एका मास्तरांचा उजवा डोळा वाया गेला. म्हणजे डोळ्याची काच. मालक धावत आले, "काय झालं?" मी म्हटलं, "मावशी होणार मी!" ते म्हणाले, "अभिनंदन. आता दुसरी काच घ्या."

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढ्यात दोन ओळी वाचून होतील.

सहा वर्षं झाली गं. तुझा पहिला एकपात्री प्रयोग, माझ्यासाठी तू राखून ठेवलेली पहिल्या रांगेतली सात नंबरची खुर्ची, आणि प्रयोग रंगात आलेला असताना मी उठून चालती झाले. "ताईनं सगळ्यांदेखत माझं नाक कापलं. तोंड दगडासारखं करून गेली. मी दिलेली शालसुद्धा खुर्चीवर टाकून गेली." हे तू आत्याला सांगितलंस, आत्यानं मला. मी तेव्हा कळवलं होतं की बंबाला ताप भरल्याचा निरोप आला. तो निरोप आला होता असंच समज.

बंब आता आठ वर्षांचा आहे. अजून बंबच आहे. जन्मला तेव्हा सव्वाचार किलोचा होता, आता मोजायचं मी सोडून दिलंय. तुझे भाऊजी अजून लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वतः मात्र जिन्यानं जातात. त्यांचा कोणावरच विश्वास नाही, स्वतःवर तर मुळीच नाही.

तू स्वतःला जप. जड उचलू नकोस. पाय सुजले तर वर ठेवून बस. आणि शिंक आली तर आधी कुठेतरी टेकून घे. का, ते विचारू नकोस.

तुझी,
ताई

५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज जिन्याखालची पत्रपेटी उघडून बघत होते. एकदा तर शेजाऱ्यांचीच उघडली.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. पण काल आत्या चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आली आणि स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "शेवटचा प्रयोग बघून आले. आता बाळंतपणापर्यंत बंद म्हणे. छान करते पोरगी. पण ते कपाटाचं काही दिसलं नाही गं त्यात? तुम्ही दोघी लहानपणी करायचात ते?"

मी म्हटलं, "नसेल कसं? तेच तर सगळ्यात भारी आहे."

"अगं, मीही तिला तेच विचारलं. तर म्हणाली, पहिल्याच प्रयोगानंतर काढून टाकलं. ताई तिथेच उठली होती."

मी दांडीचा स्क्रू खाली पाडला. तो अजून सापडलेला नाही.

भिंगरे, तू कपाट काढून टाकलंस? बाबा आणि काका आपलं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होते, आई वरून ओरडत होती, "डावीकडे! तुमचं नाही, माझं डावीकडे!" आणि आपण दोघी खालच्या पायरीवर पोट धरून लोळत होतो. त्याच आठवड्यात तू ते करून दाखवलंस. नऊ वर्षांची होतीस. बाबा तू, काका तू, आई तू आणि कपाटही तूच. मी बादली पालथी घालून त्यावर बसायचे. आपला नियम ठरलेला होता: ताई हसली तर ठेवायचं, नाही हसली तर काढायचं. मी तुला कधी फसवलं नाही. खोटं हसले नाही आणि हसू दाबलंही नाही. तुझ्या त्या मोठ्या थिएटरातली सात नंबरची खुर्ची म्हणजे ती बादलीच होती, हे मला तिथे बसताक्षणी कळलं होतं.

आणि त्याच खुर्चीत मी तुला फसवलं. माझ्यामुळे तू चांगलं सोनं उचलून बाहेर टाकलंस. आता गप्प बसले तर माझ्यासारखी नालायक मीच.

सांगते. एका दमात सांगते, नाहीतर परत बंबाचा ताप पुढे करीन.

मी हसले. इतकी हसले की मला लघवी झाली.

"माझं डावीकडे"ला एकदा सुटली. मी पाय आवळले. मग तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळे दमून थांबतात आणि कपाट तो सुस्कारा सोडतं ना, "मला कुणी विचारलं का?" असं तोंड करून, तिथे माझं सगळं गेलं. थेंबभर नाही गं, सगळं. फिकट राखाडी ड्रेस होता. खुर्चीची गादी ओली झाली. शेजारी तुझे दिग्दर्शक बसलेले. मी तुझी शाल काढून डागावर पसरली, चेहरा दगड केला, कारण तोंडाची एक रेघ जरी हलली असती तरी मी एकतर परत हसले असते नाहीतर भोकाड पसरलं असतं, आणि भिंतीला पाठ लावून बाहेर पडले. बायकांच्या स्वच्छतागृहात हात वाळवायच्या यंत्राखाली ड्रेस धरून तासभर उभी होते. टाळ्या मला तिथे ऐकू आल्या.

शाल मी फेकली नव्हती. झाकण घातलं होतं.

हे सगळं बंबाच्या वेळेपासूनचं. दोन दिवस कळा, मग चिमटे लावून बाहेर काढला, टाके किती ते मी विचारलंच नाही. नंतर तपासायला गेले तर डॉक्टरीणबाई हात धुताधुता म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक ना?" त्यांची पाठ माझ्याकडे होती. पाठीला काय सांगणार? म्हटलं, "ठीक." आईला चाचरत विचारलं, तर ती म्हणाली, "मूल झालं की असं व्हायचंच, बाई. त्याचा कुठे गवगवा करायचा?" तेव्हापासून तोंडाला कुलूप. खोकले की गेलं, शिंकले की गेलं, बंबाला उचललं की गेलं. बाहेर जायचं तर सकाळपासून पाणी बंद. कपडे सगळे काळे. या शहरातलं कुठलं स्वच्छतागृह कुठल्या वळणावर आहे, ते मला झोपेत विचार.

ओरडायचं तेवढं ओरड. पण कपाट परत घे. ते उत्तम होतं. पुरावा माझ्याकडे होता, मी तो धुऊन टाकला.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'ळ' उलटाच काढतेस. पेटीपाशीच उभी राहून वाचलं, नंतर जिन्यात बसून वाचलं, मग वर येऊन चष्मा लावून वाचलं. मजकूर एवढाच, "डॉक्टरकडे गेलीस का?"

नाही गेले. आठ वर्षांत नाही. रोज दहा जणांना मी सांगते, "डोळ्यांची हयगय करू नका, दरवर्षी दाखवत जा." आणि स्वतः?

पण पत्र टाकल्यावर एक केलं. तुझ्या भाऊजींना सांगितलं. ते पाना हातात धरून तसेच उभे. मग म्हणाले, "म्हणून आपण सिनेमाला नेहमी कडेच्या खुर्चीत बसतो होय! मला वाटायचं, तुला मधे गुदमरतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला तरी सांगायचंस." मला रडू आलं. ते पाना ठेवून जवळ बसले, त्यांच्या हाताचं ग्रीस माझ्या बाहीला लागलं, ते अजून निघालेलं नाही.

उद्या जाते. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आहे. मालकांना दाढ दुखते म्हणून सांगितलं. एकदम किती धीट होऊ?

तुझी,
ताई

१७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं मोठं पत्र मिळालं. मोठं म्हणजे काय, चाबूकच.

बरोबर आहे तुझं. अक्षर अन् अक्षर बरोबर आहे. "तू एक ओळ लिहिली असतीस तर पुरलं असतं. मी सहा वर्षं रात्रंदिवस हेच समजत राहिले की जिच्यासाठी मी हे सगळं करते तिलाच मी भिकार वाटते. माझ्या लग्नात तू मागच्या मागे निघून गेलीस तेव्हा मी आरशासमोर बसून रडले." हे वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. लग्नात मी निघाले कारण माझ्याकडचा बदलायचा कपडा संपला होता. पण ते तुला कुठून कळणार? लाज माझी होती आणि भोगलंस तू. माझं चुकलं, भिंगरे. याला दुसरा शब्द नाही.

आणि शेवटची ओळ, "कपाट परत घेणार नाही. आता तू हसलीस तरी मला वाटणार, ताई मला बरं वाटावं म्हणून हसते आहे." ती ओळ सगळ्यात जास्त लागली. मी यावर वाद घालणार नाही. फक्त माझं काय चाललंय ते सांगते.

डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशय थोडं खाली सरकलंय, पण ऑपरेशनची गरज नाही, आधी व्यायाम. त्यांनी एका फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे पाठवलं. मुलगीच म्हणायची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. छोटीशी खोली, पडदा, उंच पलंग आणि टेबलावर प्लास्टिकचं कंबरेचं हाड. त्याच्या तळाशी लाल रबर ताणून लावलेलं. ती म्हणाली, "ही स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, मोठं आतडं, सगळा संसार हिच्यावर. पोटातल्या बाळाचा भार नऊ महिने हिनंच पेलायचा आणि बाळ बाहेर येतं तेही हिच्यातूनच, हिला ताणून. हात मोडला तर आपण प्लास्टर घालतो, मग हाताचे व्यायाम करतो. हिचं मात्र नावसुद्धा कोणी घेत नाही."

मी म्हटलं, "मी एकटीच आहे का अशी?"

ती म्हणाली, "ताई, बाळंत झालेल्या तिघींत एकीला तरी होतं. बाहेर बाकावर चौघी बसल्यात ना? प्रत्येक जण आत आली की हेच विचारते." बाहेर त्या चौघीजणी एकमेकींकडे न बघता मासिकं वाचत होत्या. एकीचं मासिक उलटं होतं.

मग म्हणाली, "वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवायचंय असं समजा, आणि आत, वर ओढा." मी जीव तोडून ओढलं. ती शांतपणे म्हणाली, "दात सोडा. श्वास सोडा. कुल्ले सैल. आणि ताई, भुवयांनी काही धरलं जात नाही." इतकं करून तपासलं तर कळलं, मी वर ओढतच नव्हते, खाली ढकलत होते! गेली आठ वर्षं कधीतरी कुठेतरी वाचून मी जो काही व्यायाम करत होते, तो उलटा होता. कप्पाळ माझं.

पाणी तोडायचं नाही म्हणाली. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि पिशवी जास्तच चिडते. खोकला, शिंक यायच्या आधी आवळायचं, जड उचलायच्या आधी आवळायचं. रोज तीनदा, निदान तीन महिने, आणि दर वेळी पूर्ण सैल सोडायचं. सोडणंही शिकावं लागतं, हे मला नवीन होतं.

शेवटी कागद घेऊन बसली. "तुम्हाला काय करता यायला हवंय? कोणी म्हणतं बसमागे धावायचंय, कोणी म्हणतं पोराला उचलायचंय."

मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या नाटकात पहिल्या रांगेत बसून हसायचंय."

तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या फाईलवर पहिल्या ओळीत आहे.

तू बाळंत व्हायच्या आधीच अशा कोणाकडे तरी जाऊन ये. ऐक एवढं. रागावलेलीच जा, पण जा.

तुझी,
ताई

१४ जुलै

प्रिय भिंगरी,

बाळाचा फोटो आईनं फ्रीजवर लावलाय. नाक बाबांचं, कपाळ तुझं आणि आठ्या माझ्या. आठ आठवड्यांच्या मुलीला एवढ्या आठ्या कशासाठी गं? जग बघून घेतलं वाटतं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. तू लिहिलंस, "ताई, काल पाळण्यातून तिला उचललं आणि मला झालं. खाली काहीतरी जड लोंबतंय असं वाटतं. तालमीला उडी मारून बघितली, तर पुन्हा तेच, मग विंगेतच थांबले. आता समजलं तुला काय झालं होतं ते. मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त तुला." ते "फक्त तुला" वाचून बाई गं, मला आनंदच झाला आधी. मग स्वतःचीच लाज वाटली. पोरीला त्रास होतोय आणि ही बसलीय हुरळून.

आता नीट ऐक. आठव्या आठवड्यात उड्या? कुणी सांगितलं होतं? दिग्दर्शकाला म्हणावं, आधी चार किलो पोटात वागव आणि मग उडी मारून दाखव. तू घाबरू नकोस. आठ वर्षं मुरलेलं माझं जर हलतंय, तर तुझं तर ताजं आहे. पण डॉक्टरांना दाखव. त्यांची पाठ असेल तर म्हण, "जरा इकडे तोंड करा." मी आठ वर्षं घालवली, तू आठ दिवससुद्धा घालवायचे नाहीत. आणि उड्या प्रयोगातून काढून टाकू नकोस. नंतर घे. सगळं काढत गेलीस तर उरणार काय, नमस्कार आणि पडदा?

माझं विचारशील तर बरं चाललंय. मंगळवारी दुकानात काच घासताना शिंक आली. आली म्हणजे आधी निरोप देऊन आली. मी आवळलं, शिंकले, आणि काही नाही! कोरडी! मी मशीनपाशी "जमलं!" म्हणून ओरडले. समोर एक आजोबा तक्ता वाचत बसले होते. त्यांना वाटलं त्यांचीच शेवटची ओळ बरोबर आली. फार खूश होऊन गेले.

आणि आता बस. बसलीस का? आईचं सांगते.

रविवारी तिच्याकडे गेले होते. तुझं नाव न घेता मी माझंच सगळं सांगितलं, झोळी, भुवया, शिंक. ती भाजी चिरत होती. मान वर न करता ऐकत होती. मग म्हणाली, "मी तुला तेव्हा म्हटलं, व्हायचंच. मला कोण काय बोललं होतं? मलाही तेच सांगितलं होतं." तिनं विळी बाजूला केली. "तुम्ही दोघी जिन्यात लोळून हसायचात, कपाट चढवताना. मी वरून ओरडत होते ना? खाली येऊन हसायचं होतं मला. आले नाही. हसले असते तर..."

भिंगरे, आपल्याला वाटायचं, आई कडक आहे म्हणून हसत नाही.

मग अडुसष्ट वर्षांची आपली आई दार लोटून आली आणि हळूच म्हणाली, "मला शिकवशील का गं? की माझं वय गेलं?" मी म्हटलं, "वयाबियाचं काही नाही, पण आधी त्या मुलीला दाखवून घेऊ. माझ्यासारखं उलटं नको." शुक्रवारी घेऊन जाते आहे. नवी चप्पल घालणार म्हणते.

तुझी,
ताई

३० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

घाईत लिहिते. गेले तीन आठवडे मी व्यायाम केला नाही. बंबाची परीक्षा, दुकानात गर्दी, नुसती कारणं. काल बसमागे धावले आणि पुन्हा तेच. घरी येऊन खूप रडले. वाटलं, झालं, पहिले पाढे पंचावन्न.

फिजिओवाली म्हणाली, "दात घासणं तीन आठवडे सोडलं तर काय होईल? परत सुरू करा." ओरडलीसुद्धा नाही. आईनं मात्र ओरडून घेतलं. ती एक दिवसही चुकवत नाही, बातम्या लागल्या की करते. बातम्या वाचणाऱ्याकडे रोखून बघते, बिचाऱ्याला कळत नसेल.

हे तुला का सांगते? कारण आता गोड गोडच सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. चांगलं तेही सांगीन, वाईट तेही सांगीन. तू म्हणालीस ना, ताई बरं वाटावं म्हणून हसेल. मग माझ्या रडण्यावर तरी विश्वास ठेव.

तुझ्या उड्यांचं काय? डॉक्टर काय म्हणाले? सगळं लिही.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

काल भेटलो, पण भेटलो म्हणायचं तरी कसं? तुझ्याभोवती ही गर्दी, कडेवर बाळ भुकेनं किंचाळतंय, आईनं तुला धरलं ती सोडेचना, आणि तुमची गाडी पुढच्या गावाला निघालेली. तू माझ्या कानात "ताई" म्हणालीस आणि मी तुझ्या कानात "धावू नकोस" म्हणाले. सहा-सात वर्षांनी समोरासमोर बोलले, ते काय, तर धावू नकोस. म्हणून हे पत्र.

दुपारचा प्रयोग होता. मी सकाळपासून पाणी प्यायले, रोजच्यासारखं. फिकट निळा ड्रेस घातला. तुझे भाऊजी म्हणाले, "काळा घाल, उगाच कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही लिफ्टनं जा आधी, मग मला सांगा." ते खरंच लिफ्टनं गेले. घाम फुटला होता, पण गेले.

माझी खुर्ची तू लिहिल्याप्रमाणे राखलेली होती. पहिली रांग, सात नंबर. गादी बदललेली दिसली, बरं झालं. आणि खुर्चीवर ती शाल, घडी घालून. तू ती इतकी वर्षं ठेवलीस? धुऊन, इस्त्री करून? मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि पडदा उघडायच्या आधीच माझे डोळे भरले. आई म्हणाली, "अगं, विनोदी आहे ना हे?"

कपाट येईल की नाही, मला माहीत नव्हतं. तू कळवलं नव्हतंस. अर्धा प्रयोग झाला, मी हसत होते, पण जीव टांगणीला. मग तू रंगमंचाच्या कडेला आलीस, हात पसरलेस, गुडघे वाकवलेस आणि काहीच नसलेलं ते अवजड कपाट उचललंस. उचलायच्या आधी क्षणभर थांबलीस. लोकांना वाटलं, अभिनय. आम्हा दोघींनाच कळलं की तू आधी आवळलंस. आईनं माझा हात दाबला.

"डावीकडे! तुमचं नाही, माझं डावीकडे!" मी गेले. शेजारी आईही हसत सुटली. अख्खी रांग हलत होती. आई हसताना कशी दिसते, हे मी चव्वेचाळीस वर्षांत नीट बघितलं नव्हतं. तिचा वरचा एक दात थोडा पुढे आहे, ठाऊक होतं तुला?

मग तिसऱ्या मजल्याचं वळण आलं. तू थांबलीस आणि आधी माझ्याकडे बघितलंस. सगळं थिएटर सोडून सात नंबरकडे. मला दिसलं, तू घाबरली होतीस. आणि कपाटानं सुस्कारा सोडला.

मी इतकी हसले की माझा श्वास अडला. चष्मा खाली पडला. मी आवळलं, पण हसताना किती वेळ आवळणार, शेवटी दोन थेंब गेलेच. सांगून टाकते, आता लपवाछपवी नाही. गेले तर गेले. पॅड होतं. आणि कोणी बघत असेल तर बघू दे, मला माझ्या बहिणीचं कपाट बघायचं होतं. मी उठले नाही. शेवटपर्यंत बसले, पडदा पडला तरी बसले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हाही मी बसलेलीच होते. हसून हसून पायातलं बळ गेलं होतं.

तू वाकून नमस्कार करताना माझ्याकडे बोट दाखवलंस आणि भुवया उंचावल्यास. तो प्रश्न मला कळला. ठेवू का काढू? गर्दीत उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

कपाट ठेव. मरेपर्यंत ठेव. फक्त वळणानंतरच्या पाचव्या पायरीवर कपाट दुसऱ्यांदा सुस्कारा सोडतं ना, तो नवीन घातलास तो, तो लांबलाय. तिथे आई हसली, सगळे हसले, मी नाही हसले. तो काढ.

तुझी,
ताई